मर्जी तुमची

माझ्यासारखा न्यायी शिंपी शोधून सापडणार नाही, असं माझं मत आहे. गेली कित्येक वर्षं या मताला दुसरा मतदार मिळालेला नाही.

कोटाला हातानं काजं करणाऱ्या मावशी माझ्या दुकानात तेरा वर्षं आहेत. कोट मी कापतो, मी शिवतो, पण गिऱ्हाईक बोट फिरवून बघतं ते काज. म्हणजे नाव माझं आणि टाके मावशींचे. त्यांची खुर्ची रस्त्याकडच्या खिडकीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय. उजेड असला तरच सुई सरळ जाते, आणि सुई सरळ गेली तरच नोकरी.

गेल्या वर्षी मला त्या खिडकीत कोट घातलेला पुतळा उभा करायचा होता. दुसरा कुणी असता तर खुर्ची उचलून मागं टाकली असती. मी विचारलं. "मावशी, मागच्या बाकावर बसा, ट्यूबलाइट आहे. नाहीतर खिडकी ठेवा, पण पाचला न जाता सातपर्यंत थांबून इस्त्री करा. मर्जी तुमची, जबरदस्ती नाही." मावशींनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी मान हलवली आणि इस्त्री हातात घेतली.

घरी मी हा प्रसंग बायकोला रंगवून सांगितला. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बळी तो कान पिळी."

"पिळला कुठे? विचारून धरला!" मी म्हटलं. या उत्तरावर मी दोन दिवस खूश होतो.

परवा जागेचा मालक आला. दुकान त्याचं, मी भाडेकरू. पुढची खिडकी बुजवून तिथे त्याला मुलासाठी मोबाइल दुरुस्तीची टपरी काढायची होती. "सही करा, नाहीतर महिनाअखेर जागा सोडा. मर्जी तुमची," तो म्हणाला. इतक्या गोड आवाजात हे मी आजवर फक्त माझ्याच तोंडून ऐकलं होतं. वीस वर्षांची गिऱ्हाइकं याच गल्लीतली, जाणार कुठे? मी सही केली. वर त्याला चहा पाजला, "आनंदानं!" असंही म्हणालो. शेपटी असती तर हलवली असती.

तो गेल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. "ही काय मर्जी झाली? गळ्यावर पाय ठेवायचा आणि विचारायचं, श्वास घेताय का!"

"मग नाही म्हणायचं होतंत," मावशी सुई न थांबवता म्हणाल्या.

"कसं म्हणणार? दुसरी जागा कुठाय मला?"

"हो ना. गेल्या वर्षी मागून घेतलेल्या त्या दोन दिवसांत मी पण तीन दुकानं फिरून आले होते. डोळे बघून कुणी ठेवेना."

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. मला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

दुकानात आता उजेडाची एकच जागा उरणार होती: छपराच्या काचेखालची, माझ्या कापायच्या टेबलाची. मी टेबल ट्यूबलाइटखाली ओढलं. मावशींची खुर्ची स्वतः उचलून काचेखाली ठेवली आणि म्हटलं, "उद्यापासून पाचला घरी जायचं. इस्त्री मी करीन."

आता आशीर्वाद मिळणार म्हणून मी जरा वाकूनच उभा राहिलो. मावशींचा चेहरा उतरला. हातातला कोट त्यांनी छातीशी धरला.

"मास्तर, काढून टाकताय का मला? काही चुकलं असलं तर सांगा ना. मी बसते की सातपर्यंत."