सगळे हिरो अनाथच कसे?

सुपरहिरो व्हायचं असेल तर आधी आईबाप मरावे लागतात.

हे मत माझं नाही. माझ्या आत्याचं. ती गेली त्याला आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझे आईबाप मी लहान असतानाच गेले, जुन्या हायवेवर, एकाच बाइकवर. मला आत्याने वाढवलं. ती सासर सोडून आलेली. भिवपुरीला पॉवर हाउसच्या क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करायची.

साहेब लोकांची बदली झाली की जाताना रद्दी आत्याला मिळायची. त्यात त्यांच्या पोरांची कॉमिक्स. बाकीची रद्दी ती विकायची, कॉमिक्स नाही. भाकऱ्या उरकल्या की भिंतीला टेकून हिंदी कॉमिक वाचत बसायची, ओठ हलवत. मी तिला खेटून चित्रं बघायचो.

पुढे टीव्हीवर डब केलेले पिक्चर. मग मी कमवायला लागल्यावर पनवेलच्या मॉलमध्ये थ्रीडी. स्वतःच्या चष्म्यावर तो काळा चष्मा चढवून, पदरात लपवून आणलेले चणे खात बसायची.

फॅन होती. भक्त नव्हती.

पाठीवरचा केप तिला अजिबात पटायचा नाही. म्हणायची, येष्टीच्या दारात अडकला तर फरफटत जाईल मेला.

एकदा पडद्यावर अख्खं शहर पडत होतं. बिल्डिंगी कोसळतायत, रस्ताभर काचा, पब्लिक शिट्ट्या मारतंय. आत्या माझ्या कानात म्हणाली,

"आनि ह्या झाडनार कोन?"

कुठलं युनिव्हर्स भारी यावर मी इथे किती भांडलोय तुम्हाला माहीत आहे. अर्ध्यांनी मला ब्लॉक केलंय. पण या प्रश्नाचं उत्तर आजपर्यंत एकाही फॅनने दिलेलं नाही.

आणि ती अनाथांची थिअरी.

मी तेव्हा चौथीत असेन. कॉमिक मिटून तिनेच विचारलं, सगळे अनाथच कसे रं? उत्तरही तिनेच दिलं.

"आई असती तर उंबऱ्यातच धरला असता. असल्या कपड्यांत कुठं निघालास? जेवून जा. मागं कोन नाय, म्हनून उडतात बिचारे."

मला इतका आनंद झाला. मी म्हटलं, आत्या, मग मी पण होऊ शकतो. मी पण अनाथ आहे.

फाडकन कानाखाली बसली.

"मी मेले काय रं?"

मग मलाच पोटाशी धरून रडली. मला कळेना, मार मी खाल्लाय आणि रडतेय ही.

कॉलेजचा किस्सा कर्जतमध्ये सगळ्यांना तिखटमीठ लावून माहीत आहे. खरं एवढंच. एक जण वर्गातल्या एका मुलीबद्दल घाण बोलला. (ती कोण, ते तिला माहीत आहे. कमेंटमध्ये कुणी टॅग करू नका.) मी ठोसा मारला, तो वाकला, मूठ नोटीस बोर्डाच्या काचेत. सर म्हणाले माफी लिहून दे. मी म्हटलं आधी त्याच्याकडून घ्या. माझं सेकंड इयर तिथेच संपलं.

हाताला रुमाल गुंडाळून घरी आलो. आत्याने रुमाल सोडला, हळद दाबली. कोण होता, का मारलंस, एक शब्द नाही.

"काच कोनी झाडली?"

मी दुसऱ्या हाताने रुमाल उचलला.

"झालास मग हिरो."

तेव्हापासून खालापूरला टोलजवळच्या फूड मॉलमध्ये आहे. वड्याचा काउंटर. अख्खी मुंबई माझ्यासमोर थांबते, वडा खाते, हात पुसते आणि पुण्याला निघून जाते. सगळेच कुठेतरी निघालेले असतात.

मी त्यांना चटणी देतो.

जिच्यासाठी मूठ काचेत गेली, ती पण अशीच निघाली. पुण्यात नोकरी लागली तिला. चल म्हणाली, तिथे काहीही काम मिळेल. मी म्हटलं, आत्याला टाकून कसा येऊ.

आत्याच्या कानावर गेलं तेव्हा ती भडकली. म्हणाली, मी काय खुंटा हाय तुला बांधायला? जा की. मग लगेच भाकरी थापायला बसली आणि म्हणाली, पन जेवून जा.

मी जेवलो आणि झोपलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आत्या सकाळी उठलीच नाही. झोपेतच हार्ट बंद पडलं म्हणाले.

म्हणजे आत्या, तुझ्या थिअरीप्रमाणे मी आता पूर्ण क्वालिफाय आहे. मागं कोन नाय.

पुण्याला गेली तिच्या घरी स्थळं बघतायत. परवा फोनवर म्हणाली, "मी वर्षभर थांबले, तुझा दुखवटा म्हणून. आता न येण्याला कुणाचं नाव सांगशील?" वर्षश्राद्ध झालं की ये, म्हणाली. नाही आलास तर मी समजून जाईन.

सकाळी सगळं झालं. चुलते जेवून गेले. काकी जाताना म्हणाली, कुलूप नीट लाव हां. कुठे जातोयस, हे कोणी विचारलं नाही. विचारतील कशाला.

बॅग भरलेली आहे. संध्याकाळची पुण्याची बस आपल्याच टोलवरून जाते.

बॅग उचलतो, उंबऱ्यापर्यंत जातो, परत येऊन खाटेवर बसतो. हे दुपारपासून चाललंय. दार सताड उघडं आहे. कोणी धरलेलं नाही. आणि माझा पाय बाहेर पडत नाही.

आत्या, चुकलीस तू. मागं कोणी नसलं की माणूस उडत नाही. तो नुसता बसून राहतो.

एकदा विचार ना, कुठं निघालास म्हणून. मी भांडेन तुझ्याशी, दार आपटेन, आणि त्या झटक्यात निघून जाईन.

काकीने माझं ताट झाकून ठेवलंय. वडे, खीर, तुझी आवडती गवारीची भाजी. सकाळपासून हात लावलेला नाही.

जेवलो की निघावं लागेल.

श्रद्धांजली गं, आत्या.