दहा मिनिटं पुढचं घर

ड्रायव्हरबाबांच्या घरात आलेला पाहुणा आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो आणि दचकतो. "अरे बापरे, इतके वाजले?" असं तो म्हणाला की बाबांना मनातून गुदगुल्या होतात. या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे आहेत. भिंतीवरचं, स्वयंपाकघरातलं, बाबांच्या उशाजवळचं गजराचं, सगळी. बाबांनी आयुष्यभर बस चालवली आणि ती ठरल्या वेळेला सोडली. त्यामुळे पिशव्या सावरत धावणारी, हात हलवून ओरडणारी आणि मग रस्त्याच्या कडेला तोंड पाडून उभी राहिलेली माणसं त्यांनी बाजूच्या आरशात इतकी पाहिली, की आपल्या घरातलं माणूस कधी कुणाच्या आरशात दिसता कामा नये, असं त्यांनी ठरवून टाकलं.

खरं सांगायचं तर या नियमाचा उपयोग शून्य होता. घड्याळ पुढे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक, त्यामुळे जो तो मनातल्या मनात दहा वजा करायचा आणि खुशाल उशीर करायचा. "आमचा मुलगा गणितात ढ, पण वजाबाकीत पक्का," असं त्याची आई म्हणायची. पुढे आई गेली. मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला लागला आणि वर्षातला बराच काळ पाण्यावर राहू लागला. घरात उरले बाबा आणि सून. ही गोष्ट त्या सुनेची आहे.

ती लग्न होऊन आली तेव्हा कपड्यांच्या बॅगेबरोबर एक लॅपटॉप घेऊन आली. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी त्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली, भिंतीकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे मागे पडतंय."

"बाबा, हे बरोबर आहे. आपोआप जुळवून घेतं."

"या घरात एकच वेळ चालते."

नवी नवरी एखादी फणकारली असती. हिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि आपोआप वेळ जुळवायची सोय बंद करून लॅपटॉप दहा मिनिटं पुढे नेऊन ठेवला. मग खाली मान घालून म्हणाली, "आता हा पण घरातला." बाबांच्या लेखी ही पोरगी आपली झाली ती त्या क्षणी.

तिची नोकरी मोठ्या रुग्णालयात, पण ती डॉक्टर नाही की नर्स नाही. ती नावं सांभाळते. म्हणजे काय, हे समजायला बाबांना बरेच दिवस लागले. रुग्णालयात कॉम्प्युटर ठिकठिकाणी. रक्त तपासायची लॅब, एक्स-रे, औषधांचं कोठार, प्रत्येक जागच्या मशीनला एक नाव. पण मशीनला नाव कळत नाही, आकड्यांचा पत्ता कळतो. नाव विचारलं की पत्ता सांगणारं एक वेगळं मशीन असतं, त्याला नेम सर्व्हर म्हणतात. ते गप्प बसलं की बाकीची सगळी मशीनं धडधाकट असूनही एकमेकांना सापडत नाहीत.

"म्हणजे डेपोतली चौकशीची खिडकी," बाबा म्हणाले.

"अगदी तेच!" ती इतकी खूश झाली की त्यानंतर दुसऱ्यांना समजावतानाही तेच सांगू लागली, आणि दर वेळी "हे आमच्या बाबांनी सांगितलेलं" असं जोडायला विसरली नाही.

नेम सर्व्हर तळघरात होता. नाव बदललं की ती जिना उतरून खाली जायची आणि 'यादी पुन्हा वाच' असा हुकूम स्वतः द्यायची. बाकीचे तेवढ्यावर थांबतात. ही तिथून थेट त्या विभागात जायची, तिथल्या माणसाला सांगायची, "आता उघडून दाखवा," आणि रिपोर्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय परत फिरायची नाही. नर्सबाई तिची चेष्टा करायच्या, "आल्या, नावाला पत्त्यापर्यंत पोचवायला आल्या!" ती हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा जायची. हुकूम सुटला म्हणजे काम झालं असं नाही, हे तिचं ठाम मत होतं. बाबांना हे फार आवडायचं. बस सुटली म्हणजे पोचली असं थोडंच असतं!

मग बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण उठताबसता आधाराला माणूस हवा, आणि तोही सतत. शेजारच्या काकू काही दिवस येऊन बसल्या, पण त्यांनाही त्यांचं घर होतं. सुनेची रजा संपत आली. रुग्णालयातले साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर बसलेले होतेच. एका बाहेरच्या कंपनीनं नेम सर्व्हर सांभाळायची तयारी दाखवली होती.

"घरून केलं तर?" तिनं फोनवर विचारलेलं बाबांनी खाटेवरून ऐकलं.

साहेबांची अट सरळ होती. बाहेरून कुणालाही आख्ख्या मशीनमध्ये शिरू द्यायचं नाही. नावांच्या याद्या तिनं घरून पाठवाव्यात. सर्व्हरला मोजके हुकूम देता येतील एवढीच खिडकी ठेवायची. अशी खिडकी उघडणारं एक रिमोट कंट्रोलचं साधन असतं. ते बसवून सोमवारी सकाळी अकराच्या आत चालवून दाखवायचं. अकराला स्कॅनिंगच्या नव्या मशीनला जुन्याचं नाव द्यायचं होतं, आणि पेशंट रांगेत असणार होते. जमलं तर ती घरून काम करील. नाही जमलं तर साहेब कंपनीला होकार कळवतील.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा जरा जास्तच आवाज झाला. इकडे बाबांचा जीव टांगणीला लागला. त्यांना एकदम आरसा आठवला. रस्त्याच्या कडेला उभं राहिलेलं माणूस त्यात लहान लहान होत जातं. आपल्या एका खुब्यापायी ही पोरगी तिथं उभी राहणार, हे काही त्यांच्यानं सोसवेना. दुपारी ती बाजारात गेली तेव्हा त्यांनी वृद्धाश्रमात फोन लावला. एक खाट रिकामी होती. मग वॉकर धरून, दात आवळून त्यांनी दोनचार शर्ट, टॉवेल, औषधं आणि उशाचं गजराचं घड्याळ पिशवीत भरलं आणि पिशवी पायानं खाटेखाली सारली. सुनेला यातलं काही सांगितलं नाही.

शनिवारी काकूंना बसवून ती रुग्णालयात गेली आणि सर्व्हरच्या बाजूची सगळी मांडणी करून आली. संध्याकाळी चहा पिता पिता बाबांनी विचारलं, "नेमकं केलंस तरी काय?"

"समजा, डेपोत बस उभी आहे आणि मी घरून तिला सांगणार, नीघ. कुणीही सांगितलं आणि ती निघाली तर कसं चालेल? म्हणून तिला सांगून ठेवलंय की या एकाच दारावर कान ठेव. त्या दारात माझ्याच पत्त्यावरून कुणी आलं तर ऐक. आणि आल्यावर गुप्त किल्ली जुळली तरच हल."

किल्ली म्हणजे मशीननंच बनवलेली अक्षरांची एक लांबलचक, अर्थ नसलेली माळ. तीच सर्व्हरवर, तीच घरच्या लॅपटॉपवर. ती मेलनं पाठवायला तिचं मन धजलं नाही. पेनड्राइव्हवर घेऊन, पर्सच्या आतल्या कप्प्यात घालून ती स्वतः घेऊन आली होती. तळघरात सर्व्हरवर बसून हुकूम दिला तर साधन नीट चालत होतं. घरून मात्र सोमवारीच करून बघता येणार होतं, कारण बाहेरचा रस्ता साहेब त्याच सकाळी उघडणार होते.

सोमवार उजाडला. बाबांच्या खाटेसमोरच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी फोन. रस्ता उघडल्याचं साहेबांनी कळवलं. तिनं सर्व्हरला नुसतंच विचारलं, जागा आहेस का? उत्तर आलं, पण नकाराचं. आणि नकारही असा की नेमकं कारण सांगायची तयारी नाही. किल्ली चुकली असेल, तुम्हाला परवानगी नसेल, दोन्हीकडची घड्याळं जुळत नसतील, असं काहीबाही मोघम.

तिनं किल्ली अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. जुळत होती. पत्ता पाहिला, बरोबर. दार उघडं होतं. "सर्व्हरचं घड्याळ तर मी शनिवारीच बघितलंय," ती स्वतःशी पुटपुटली, "सेकंदाला सेकंद बरोबर." पुन्हा हुकूम, पुन्हा नकार. बाबांनी तिला इतकं घामाघूम झालेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हळूच खाटेखाली हात घालून पिशवी चाचपली.

फोन वाजला. साहेब होते. तिनं स्पीकर लावला. "झालं का हो? नाहीतर मी खाली माणूस धाडतो. नंतरचं नंतर बघू."

"थोडा वेळ द्या, साहेब. अजून वेळ आहे."

"किती वाजलेत तुमच्याकडे?"

तिनं लॅपटॉपच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "अकराला एक मिनिट कमी. म्हणजे दहा वजा केले तर..."

आणि तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

इतकी वर्षं मनातल्या मनात चाललेली वजाबाकी पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली होती. सवयच इतकी अंगात भिनलेली, की घड्याळ पुढे आहे हे तिला ठाऊक होतं आणि तरीही ते चुकलेलं आहे हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं वळून बाबांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. हात कळफलकावर तसाच थांबला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. मी आरशात बघून माणसं ओळखलीत."

तिनं साहेबांना "एक मिनिट" म्हणून सांगितलं आणि बाबांना म्हणाली, "माझा हुकूम कुणी चोरून ठेवला आणि नंतर माझ्या नावानं वापरला, तर? म्हणून सर्व्हर हुकुमावरची वेळ बघतो. थोडंफार मागंपुढं चालतं. पण दहा मिनिटांचा फरक म्हणजे त्याला तो चोरच वाटणार."

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. घरातलं माणूस मागे राहू नये म्हणून पुढे केलेलं घड्याळच सुनेच्या आड आलं होतं.

"मग बदल की!" ते जवळजवळ ओरडलेच. "बघत काय बसलीस?"

तिनं वेळ बदलली आणि पुन्हा विचारलं. या वेळी सर्व्हरनं शहाण्या मुलासारखा सगळा वृत्तांत दिला. यादी आधीच पाठवलेली होती. अकराच्या ठोक्याला, खऱ्या अकराच्या, तिनं हुकूम सोडला, 'पुन्हा वाच.' वाचली. साहेब फोनवर म्हणाले, "दिसतंय इकडे. झालं, बाई." पण हिचं कुठलं झालं! हिनं स्कॅनिंगच्या माणसाला फोन लावला. "आता एक स्कॅन उघडून दाखवा. म्हणजे, बघा आणि मला सांगा." त्यानं उघडलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा कुठं ती खुर्चीत मागे टेकली आणि डोळे पुसायला लागली. बाबांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण हात पोचत नव्हता.

दुपारच्या झोपेतून बाबा उठले तेव्हा ती काम करत होती. त्यांची नजर सवयीनं लॅपटॉपच्या कोपऱ्यात गेली, तिथून भिंतीवर, आणि त्यांची पाचावर धारण बसली. दोन्हीकडे एकच वेळ.

"अगं, पुन्हा पुढे गेलं! पुन्हा बंद पडेल ते!"

"नाही पडत." ती खुर्ची ओढून जवळ आली. "याच्या पोटात एक वेळ असते, ती सगळ्या जगाची. तिथं काही लबाडी नाही, आणि सर्व्हर तीच बघतो. वर दिसते ती ज्या त्या देशाची वेळ. तर मी आपल्या घराचा एक वेगळा देश करून टाकला. बाकीच्यांपेक्षा दहा मिनिटं पुढे."

"असं करता येतं?"

"करता येतं. देशाचं नावसुद्धा द्यावं लागतं. मी 'घर' दिलंय."

बाबा पडद्याकडे बघत राहिले. 

ती वाकली आणि खाटेखालची पिशवी बाहेर ओढली. "हीसुद्धा आधीच भरून ठेवलीत, बाबा?"

"तुला कसं कळलं?"

"गुरुवारपासून खाटेखालून टिकटिक ऐकू येतेय."

बाबांनी मान खाली घातली. "तुझी बस चुकू नये म्हणून..."

"तुम्हाला स्टॉपवर सोडून मी कुठल्या बसमध्ये चढणार होते?" तिचा आवाज चिरकला, आणि रागही खराच होता. "पुन्हा असलं काही केलंत तर बोलणार नाही तुमच्याशी." तिनं पिशवीची चेन उघडली आणि पहिला शर्ट बाहेर काढून झटकला.

 बाबा हलकेच म्हणाले, "घड्याळ तळाशी आहे. जपून काढ, वेळ हलायला नको."