खुशालला पडलेले त्र्याण्णव गुण

निर्मलकडच्या मुधोळात ट्रस्टच्या दवाखान्यात भागीरथाबाई आया होती, पण तिचा तोरा पाहून नवा पेशंट तिलाच मोठी डॉक्टरीण समजायचा. कुणीही दारात आलं की हिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जीभ वर करा." पाय मुरगळून आलेल्यालाही जीभ वर करावी लागे. एकदा तर मीटर पाहायला आलेल्या लाईनमननंही मुकाट्यानं केली होती.

हे खूळ नव्हतं. वीस वर्षं तिनं बाळंतपणं केली होती. आपल्याकडच्या काळ्या लेकराचा श्वास अडला तर अंगावर निळेपणा दिसत नाही, पाटीवर निळी शाई दिसत नाही तसा. जिभेखाली मात्र तो लपत नाही, हे तिला त्या लेकरांनीच शिकवलं होतं.

शहाण्णव साली हैदराबादहून एक मशीन आलं. त्याचा चिमटा बोटाला लावला की रक्तात प्राणवायू किती, ते शंभरातल्या आकड्यानं कळे. कंपाउंडर वामनरावांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि आधी स्वतःचं बोट घातलं. अठ्ठ्याण्णव आले तर दिवसभर मूठभर मांस चढल्यासारखे वागले. ऑक्सिजनचे सिलिंडर दोनच, भरायला निजामाबादेला पाठवावे लागत, म्हणून डॉक्टरांनी भिंतीवर लिहिलं : नव्वदच्या खाली आकडा आला तरच ऑक्सिजन लावावा. सिलिंडरच्या खोलीची किल्ली वामनरावांच्या करदोड्याला गेली.

"भागीरथाबाई, आता जिभा पाह्यनं बंद करा," ते म्हणाले. "तुमच्याहून हुशार बाई आली दवाखान्यात."

तिला ते लागलं. पण ती जिभा पाहतच राहिली.

त्या थंडीत एका सकाळी कापसाचे अडते अमृतराव दम लागून आले. माणूस गोरापान. आकडा आला शहाऐंशी, आणि लगेच त्यांच्या नाकाला नळी लागली. तासाभरानं बैलगाडीतून खुशाल आला. हा भागीरथाबाईचा धाकटा भाऊ, जिनिंगमध्ये कापूस ओढणारा, रंगानं तव्याच्या बुडाशी स्पर्धा करणारा. तीन दिवसांचा ताप, आणि दर दोन शब्दांनंतर श्वासासाठी थांबणं. वामनरावांनी चिमटा लावला. त्र्याण्णव.

खुशाल चौथीत तीनदा नापास झालेला. त्यानं शेजारच्या खाटेकडं पाहिलं.

"सेठले किती?"

"शहाऐंशी."

"मंग मी... सेठच्या वर," खुशाल म्हणाला, आणि तेवढ्या दमातही गालात हसला.

भागीरथाबाईनं त्याला खिडकीशी बसवलं. जीभ वर करवली. खालचा भाग पिकल्या जांभळासारखा.

"वामनराव, याले हवा लावा."

"नव्वदच्या खाली आला की लावतो. डॉक्टरसाहेबाचं लिवलेलं हाय भितीवर."

"साहेब निर्मलहून संध्याकाळी येतीन. तवरोक हा राह्यते का?"

"बिडीनं काळी झाली असन जीभ. अन् तुमचा भाऊ हाय म्हून तुमाले तसं दिसून राह्यलं."

भाऊ होता हे खरंच होतं. आईमागं तिनंच त्याला कडेवर वाढवलं होतं. आणि भाऊ तरी तिच्या बाजूनं होता का? "बाई, उगी... कल्ला नको करू," तो म्हणाला. "मशीननं मले... पास केलं." जन्मात पहिल्यांदा मिळालेले गुण सोडायला गडी तयार नव्हता.

मग ती अमृतरावांच्या खाटेशी गेली. "सेठजी, सकाळी तुमची जीभ म्याच पाह्यली. राखेसारखी होती. तरी तुमाले हवा लागली. याची पाहा अन् तुमीच सांगा."

अमृतराव कोपरावर उठले, खुशालच्या तोंडात वाकून पाहिलं. रोज हजार क्विंटलांत ओला कापूस हेरणारी नजर ती. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "वामनराव, मशीन काई म्हनो, हा गडी माझ्याहून वाईट हाय. खोली उघडा."

"साहेब रागावले तर?"

"मी हाय ना ऐकाले," भागीरथाबाई म्हणाली.

वामनरावांनी करदोड्याची गाठ सोडली. खोली उघडली. नळी लागली. पाऊण तासानं जिभेखाली लाली उतरली आणि खुशाल न थांबता एक अख्खं वाक्य बोलला. ते वाक्य पेजेबद्दल होतं. भागीरथाबाई चादरींच्या खोलीत जाऊन रडून आली.

संध्याकाळी डॉक्टरांनी सगळं ऐकलं, छाती तपासली आणि भिंतीपुढं जाऊन उभे राहिले. "हे मशीन बोटातून उजेड पाठवून मोजतं," ते वामनरावांना म्हणाले. "रक्तातला प्राणवायू उतरला की काळ्या कातडीत ते आकडा जरा वाढवून सांगतं. मी हे वाचलं होतं आणि तरी तो नियम लिहिला." त्यांनी खडू घेऊन नियमाखाली एक ओळ वाढवली : आकडा काही असो, भागीरथाबाईंना जीभ दाखवावी.

वामनरावांनी ती ओळ दोनदा वाचली, आणि सगळे गेल्यावर आरशापुढं आपली जीभ वर करून पाहिली.

खुशालनं खाटेवरून डॉक्टरांचं सगळं बोलणं ऐकलं होतं. सकाळी बहीण पेज घेऊन आली तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "बाई, मंग मी त्यातबी नापासच होतो का?"

"होय," ती त्याचं तोंड पुसत म्हणाली. "नापास हायेस हे कळलं, म्हून वाचलास."