खालच्या गावचं पाणी

एवाल्ड रुप हा आमच्या वरच्या लिंडाखचा खाटीक आणि अग्निशमन पथकाचा कॅप्टन. सॉसेज तो बरे करायचा, पण गावाचा अभिमान बाळगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

सरकारनं आमचं गाव ओढ्याकाठच्या खालच्या लिंडाखला जोडलं तेव्हा तो तरुण होता. नगरपालिका खाली गेली, शाळा गेली, पोस्टही गेलं. आमच्याकडे उरलं चर्च, चढण आणि बंबखाना. "बंबाला हात लावून दाखवा," असं एवाल्ड भर सभेत म्हणाला, आणि त्याचे दंड पाहून कुणी लावला नाही.

तेव्हापासून एका गावात दोन बंब. दरवर्षी पानगळीत दोघांची स्पर्धा व्हायची आणि आमचा जुना बंब खोकत खोकत दुसरा यायचा. खालचा कॅप्टन हार्टमुट सगळ्यांदेखत विचारायचा, "काय रे एवाल्ड, राख गोळा करायला आलात का?"

एवाल्ड दात-ओठ खायचा. "माझं घर जळालं तरी चालेल, पण तुमचं पाणी नको!"

त्याची बायको गेर्लिंडे शेजारीच उभी असायची. ती खालच्या लिंडाखची लेक, पण लग्न झाल्यापासून या विषयावर तिनं तोंड उघडलं नव्हतं.

बोलाफुलाला गाठ पडली. जत्रेच्या आदल्या रविवारी, मांसाला धुरी द्यायच्या त्याच्या खोलीचं छप्पर पेटलं. आत जत्रेसाठीचं सगळं हॅम टांगलेलं, आणि भिंतीला लागून राहतं घर. भोंगा झाला आणि खालचा बंब आधी येऊन उभा राहिला. एवाल्ड फाटकात हात पसरून उभा.

"बाजूला हो!" हार्टमुट ओरडला. "छप्पर पेटलंय तुझं!"

"माझं आहे, मला दिसतंय. आमचा बंब येतोय."

"कुठाय?"

"चढ आहे, वेळ लागणारच."

"बंबखाना वर, तू खाली. उतार आहे, गाढवा!"

इतक्यात मी धापा टाकत पोचलो. मी आमच्या पथकात पाइप धरायचो.

"कॅप्टन, बंबखान्याला कुलूप आहे!"

"मग उघडा की, मूर्खांनो!"

"किल्ली तुमच्याकडे आहे. तुम्ही कुणाच्या हाती देता कधी?"

एवाल्डनं कोटाच्या खिशात हात घातला, किल्ली हाताला लागली, आणि तो हात तिथंच राहिला.

मागच्या अंगणातून आवाज आला. गेर्लिंडेनं ओढ्याकडचं दार सताड उघडलं होतं. "हार्टमुट, पाइप इकडून आण! माझ्या माहेरच्या माणसांना मी वाट्टेल तेव्हा बोलावीन!"

"गेर्लिंडे!" एवाल्ड किंचाळला.

"तू तुझं फाटक सांभाळ. छान सांभाळतोयस."

घर वाचलं, हॅम निम्मं वाचलं. विझवणाऱ्यांना घरमालकानं खाऊपिऊ घालायचं ही आमची रीत. एवाल्डनं मान खाली घालून हॅम कापलं, बिअर वाढली.

हार्टमुट एक तुकडा चघळत म्हणाला, "धुरी जरा जास्तच झालीय."

दोन्ही गावं खो खो हसली. मला एवाल्डची फार दया आली, पण हसू काही आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन खालच्या बंबखान्यात गेला. आमच्या बंबखान्याची नवी करून आणलेली किल्ली त्यानं त्यांच्या खिळ्याला अडकवली. हार्टमुट बघतच राहिला.

"मी गावात नसलो तर लागेल," एवाल्ड पुटपुटला.

"आणि असलास तर?"

एवाल्ड दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "असलो तर गेर्लिंडेला विचारायचं."