टोमॅटोचं काळं बूड

बंगळुरात, मारतहळ्ळीला, पोराच्या सहाव्या मजल्यावरच्या घरात माझ्या वाट्याला एक बाल्कनी आलीय. तिला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी मारलीय. कबुतरं बाहेर, मी आत. बायको गेली तसं पोरगा म्हणाला, "आप्पा, गावात एकटं कोण बघणार तुम्हाला?" आणि सीमेवरच्या आमच्या गावातनं मला गाडीत घालून घेऊन आला. लिफ्टची बटणं मला कळतात. पण खाली जाऊन करायचं काय? गेटावरचा वॉचमन दरवेळी विचारतो, "अज्जा, एल्लि?" कुठं म्हणून सांगू त्याला? मग परत वर.

निघताना मी हट्टानं एकच गोष्ट बरोबर घेतली होती. बायकोचं टोमॅटोचं बी, राखेत घोळून फडक्याच्या गाठीत बांधलेलं. तो टोमॅटो बाजारात मिळत नाही. अंगाला घड्या पडलेला, पातळ सालीचा, आणि इतका आंबट की आमटीला चिंच लागायची नाही. गावात आता सगळे नर्सरीतनं रोपं आणतात, असलं बी कुणाकडं उरलेलं नाही. बी धरायची तिची रीत ठरलेली. पहिल्या घोसाचं फळ खायचं, बी दुसऱ्या घोसाचं. ते फळ झाडावरच मऊ होईस्तोवर पिकू द्यायचं. आणि डागी फळाचं बी घ्यायचं नाही म्हणजे नाही.

रंगाच्या रिकाम्या बादलीत मी सगळं बी पेरलं. जुनं होतं, एकच रोप जगलं. ते गेलं की तिचं बी संपलं.

रोप जोमानं वाढलं, जाळीला बांधून वर घेतलं, फळं धरली. लिंबाएवढी झाली आणि एकेकाचं बूड काळं पडायला लागलं. आधी भिजल्यासारखा डाग, मग वाळून चामडं. किडा नाही, अळी नाही. मला वाटलं, चुना कमी पडतोय. तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवून घातला. पुढचं फळ काळंच. मग बायकोच्या गोळ्या काढल्या. कॅल्शियमच्या. शेवटी शेवटी तिची हाडं पोकळ झाली होती, अंगणात नुसता पाय घसरला आणि मांडी मोडली, त्यातनं ती उठलीच नाही. उरलेल्या गोळ्या मी इथवर कशाला आणल्या ते मला विचारू नका. त्या कुटून मातीत घातल्या. त्याच्या पुढचं फळही काळं.

सून म्हणाली, "मामा, बाजारात टोमॅटो काय संपलेत होय? फेकून द्या ते डबडं."

"आधी तुझ्या फ्रिजमधलं नासकं फेक," मी म्हणालो.

खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. आपल्याच मराठी, पण सगळा जन्म इथं गेलेला. फळभाज्यांच्या संशोधनात नोकरी करून निवृत्त झाल्या. सुनेनंच त्यांना वर बोलावलं, बहुतेक मला गप्प करायला. बाईंनी काळं फळ कापून बघितलं, मातीत बोट खुपसलं.

"अण्णा, पाणी कसं देता?"

"पाळीनं. आठवड्याला एकदा, भरपूर. रोज पाजलं की झाड लाडावतं."

"अहो, ही काय तुमची काळी जमीन आहे का, पाणी धरून ठेवायला? बादली आहे. दोन दिवसांत कोरडी ठाक होते."

"आणि चुना?"

बाई हसल्या. "तुमच्या नळाची तोटी बघा, पांढरी झालीय. इथल्या बोअरच्या पाण्यात चुनाच चुना. झाडाला कमी नाही, फळापर्यंत पोचत नाही. तो पाण्याबरोबर वर चढतो. पानं आधी ओढून घेतात, फळाला उरलंसुरलं, आणि फळाच्या बुडाला सगळ्यात शेवटी. पाणी तुटलं की तेच आधी उपाशी. युरिया घातलाय ना?"

"चिमूटभर."

"तुमची चिमूट बघितली मी. पानं केवढी माजलीत! बंद करा. स्वल्प पाणी द्या, पण रोज द्या. चुकवायचं नाही. सरी?"

"सरी," मीही कानडीतनं 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून मी बादलीला बांधला गेलो. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर. माती सुकू नये म्हणून वर पालापाचोळा अंथरला. टँकर आला नाही त्या दिवशी मी अंघोळ सोडली. दुसऱ्या घोसात एकच फळ टिकलं. रोज खालनं बोट फिरवून बघायचो. बूड गुळगुळीत. फळ वाढलं, घड्या उमटल्या, पाठीवर रंग चढायला लागला.

आणि नेमकं तेव्हाच बायकोचं वर्षश्राद्ध आलं. वर्षभर मी त्याच्यावरच डोळा ठेवून होतो. गावाला जायचं, आठ दिवस राहायचं, आपल्या उंबऱ्यावर बसायचं. पोरानं रजा काढली, गाडी धुतली. मी बादलीकडं बघितलं. ऐन उन्हाळा. आठ दिवस पाणी तुटलं तर रोप उभं वाळणार. खालच्या बाई लेकीकडं गेलेल्या. गाडीत घालावं तर जाळीत गुंतलेल्या फांद्या मोडणार.

"कामवालीला सांगते ना पाणी घालायला," सून म्हणाली.

"ती फरशीचं पाणी ओतते. फिनाईलचं. मी बघितलंय."

"आप्पा, आईचं श्राद्ध आहे," पोरगा म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"श्राद्ध लेकानं करायचं असतं. तू कर. मी येत नाही."

"एका टोमॅटोसाठी?"

"होय. एका टोमॅटोसाठी."

सून जाताना आठ दिवसांचं पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवून गेली, एवढं खरं. खाली गाडीचं दार लागलं ते वर ऐकू आलं नाही. सहाव्या मजल्यावर काहीच ऐकू येत नाही.

श्राद्धाच्या दिवशी मी भात लावला, तिच्या आवडीची वांग्याची भाजी केली. पानावर घास काढला आणि बाल्कनीत गेल्यावर ध्यानात आलं, कावळा येणार कुठनं? जाळी! स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि जाळीला पानाएवढं भोक पाडलं. पान कठड्यावर ठेवून आत सरकलो.

कावळा आला. भाताकडं बघितलं, भाजीकडं बघितलं. मग तिरपी मान करून आत उतरला, थेट टोमॅटोपाशी. लाल झाला होता, मऊ. मी कात्री उगारली. उगारली ती तशीच राहिली. आता त्याला हाकलायचं कसं, आजच्या दिवशी? त्यानं एक टोच मारली, दुसरी मारली, साल लोंबत घेऊन उडून गेला. भाताला शिवलासुद्धा नाही.

तेवढ्यात पोराचा फोन. "आप्पा, इथं घास ठेवून बसलोय सगळे. कावळा शिवेना. गुरुजी घाई करायलेत."

"इकडं शिवला."

"कशाला?"

"टोमॅटोला."

त्याच्या मागं भांडी वाजत होती, कुणाचं तरी पोर जेवायला रडत होतं.

"मग... आम्ही जेवायला बसू?"

"बसा," म्हणालो.

उरलेला अर्धा टोमॅटो तोडून आणला. बूड फिरवून बघितलं. डाग नव्हता. बी पेल्यात पिळलं, चार दिवस आंबवलं, धुऊन ताटलीत वाळत घातलं. घरभर वास सुटला, पण नाक मुरडायला कुणी नव्हतं. पोरानं परत आल्यावर जाळीवाल्याला बोलावून भोक शिवून घेतलं. शिवताना मी आत उभा होतो, दोरीचं टोक धरून.