बादलीभर कोरिलेशन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, एकदा सुरू झाले की मला थांबता येत नाही.

कामतघरला आमचे बारा लूम आहेत, म्हणजे यंत्रमाग, सुती कापडाचे. स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झाले तशी बाबांना म्हटलं, शेड मी चालवते. बाबा म्हणाले, "महिन्यात धागा तुटायचा कमी करून दाव, शेडची किल्ली तुझी. न्हायतर गप स्थळं बघायची."

मग काय, वही घेऊन बसले. धागा किती वेळा तुटला, ड्युटीला कोण, पंखे किती, सगळं लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात सापडलं! रफिकचाचा, आमचे सगळ्यात जुने कारागीर, ज्या दिवशी रेडिओ लावतात त्या दिवशी धागा निम्म्यानं कमी तुटतो.

"बाबा, याला कोरिलेशन म्हणतात," मी ऐटीत सांगितलं. "मूळ लॅटिन. को म्हणजे सोबत, रिलेशन म्हणजे नातं. मराठीत सहसंबंध. एक वाढलं की दुसरंही हलतं."

"म्हंजे गानं आयकून धागा तुटत न्हाय?"

"आकडेच सांगतायत ना."

कॉलेजात सरांनी याच्यापुढे आणखी एक वाक्य सांगितलं होतं म्हणे. त्या तासाला मी कँटीनमध्ये होते.

दुसऱ्या दिवशी हा एवढा स्पीकर आणला. जागा नव्हती म्हणून दारातली बादली बाहेर ठेवली आणि बजावलं, "चाचा, इथे पाणी नाही मारायचं. स्पीकर भिजेल."

धागे असे तुटले की गाठी मारून मारून कारागीर रडकुंडीला आले. मी आवाज वाढवला. अजून तुटले. मी अजून वाढवला. शेजारचे शेडवाले भांडायला आले.

शेवटी चाचांनी प्लग काढला. "बेटा, रेडिओ लगा के मैं फर्श पे पानी मारता हूँ. सूत को नमी चाहिए. घुटना दुखता है उस दिन दोनों बंद. गाना तो मेरे लिए है."

कँटीनपायी हुकलेलं सरांचं वाक्य हेच असणार: दोन गोष्टी सोबत घडतात म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हार मानेन तर शप्पथ! स्पीकर परत केला, बादली आत आणली आणि पाणी मारायच्या वेळा घड्याळ लावून ठरवल्या. आठवडाभरात धागा इतका कमी तुटला की बाबांनी स्वतःहून किल्ली काढून हातावर ठेवली. जिंकले की नाही?

फक्त एक झालंय. शेडमध्ये आता "पानी मार" असं कुणी म्हणतच नाही. चाचा ओरडतात, "चार नंबर के पास कोरिलेशन मार." शेजारचे शेडवालेही बादली घेऊन येतात, "थोडा कोरिलेशन मिलेगा?"

मी एकदा सगळ्यांना खरा अर्थ समजवायला गेले, तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. त्यांना बराबर समजलाय. वेळ तुलाच लागला."