घागऱ्यावर फोडलेलं खापर

तांड्यावरच्या एका बाईच्या घागऱ्यावरल्या नाण्यांनी वॉकीटॉकी पेटली, असं आमच्या भागात अजूनही सांगतात. सांगणारे हसतात. मला हसू येत नाही. मी तिथं होते, तिच्या शेजारी बसलेली होते, आणि ते खोटं आहे.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. वारंगा फाट्याच्या पुढं रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि मी त्यावर झेंडीवाली म्हणून लागले. रस्त्याची एक बाजू उकरलेली, उरलेल्या बाजूनं एका वेळी एकीकडच्याच गाड्या सोडायच्या. मधे वळण होतं आणि वळणावर पुलाचं काम, त्यामुळं या टोकाचं त्या टोकाला काही दिसत नसे. या टोकाला मी. त्या टोकाला जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई, माझ्या आईच्या वयाची. तिची लेकरं तिला याडी म्हणायची. याडी म्हणजे आई. कामावरही सगळे तिला याडीच म्हणू लागले.

आम्हा दोघींच्या मधे फक्त ते हातातले दोन सेट. मी बटण दाबून सांगायची, शेवटी पांढरी जीप सोडली. ती जीप पोचली की याडी म्हणायची, "आली. आता माह्या सोडते." एवढ्या बोलण्यावर एस.ट्या, ट्रक, वसमतकडं निघालेले हळदीचे टेम्पो, सगळं सुरळीत चालायचं. ते बोलणं मधेच तुटलं तर पुलावर दोन गाड्या समोरासमोर येणार, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

सेट द्यायला नांदेडहून एक माणूस आला होता. त्यानं कामावरच्या शेडच्या ओट्यावर बसून आम्हाला सगळं नीट सांगितलं. बॅटरी तिच्याच चार्जरमध्ये लावायची, दुसरीकडं कुठंही नाही. लावताना सेट बंद करायचा. वापरून किंवा उन्हानं तापलेली असेल तर आधी निवू द्यायची, मग लावायची. हिरवा दिवा लागला की काढून घ्यायची, रात्रंदिवस तशीच ठेवायची नाही. सुटी बॅटरी किल्ल्या नाहीतर चिल्लरीत टाकायची नाही, तिची पितळी टोकं धातूला लागली तर भाजेल. फुगलेली, तडकलेली बॅटरी वापरायचीच नाही. याडीनं ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी जादा बॅटरीसाठी जाड कापडाची पिशवी शिवून आणली, तोंडाला नाडी लावून. एक माझ्यासाठीही आणली. हे मी मुद्दाम सांगते आहे.

चार्जर माझ्या टोकाजवळच्या त्या शेडमध्ये असायचा, सुपरवायझरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. हा माणूस बाहेरगावचा, तरणा, पांढऱ्या बुटांवर धूळ बसली की चिडणारा. डिझेल वाचवायला तो जनरेटर मधेच बंद करायचा. चालू असला की चार्जरची पिन काढून स्वतःचा कूलर लावायचा. चार्जर ठेवायची जागा कुठली, तर पश्चिमेची खिडकी. दुपारभर ऊन त्याच्यावर. आम्ही दोघींनी किती वेळा सांगितलं असेल. तो म्हणायचा, तुम्ही झेंडी हलवा, बाकीचं मला कळतं.

एक दिवस जनरेटरनं झटका दिला आणि चार्जर जळाला. नवा मागवायला हवा होता. मागवला नाही. वर कळवलं तर कूलरचं बिंग फुटलं असतं, एवढंच कारण. त्यानं आपल्या जीपच्या ड्रायव्हरला शेडमागं ट्रॅक्टरची जुनी बॅटरी ठेवायला लावली, तिला दोन वायरी, वायरींना चिमटे, आणि ते चिमटे थेट आमच्या सेटच्या बॅटरीला. ड्रायव्हर म्हणाला होता, साहेब, ही बारा व्होल्टची, ह्या बारक्या बॅटरीला झेपायची न्हाई. साहेबांनी ऐकलं नाही.

त्यानंतर बॅटऱ्या हाताला चटका बसेल अशा तापून यायच्या आणि दुपारीच मरायच्या. सेट मुका झाला की आम्ही जुनी रीत धरली. शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात लाल फडकं द्यायचं, ते पलीकडं पोचलं की रस्ता मोकळा समजायचा. काही ड्रायव्हर ते फडकं वाटेतच फेकून द्यायचे. आम्ही जीव मुठीत धरून उभ्या राहायचो आणि तो शेडमध्ये कूलरपुढं बसायचा.

त्या सकाळी आम्ही सेट घ्यायला गेलो तेव्हा याडीची बॅटरी चिमट्यांवरून नुकतीच काढली होती. तिची पाठ फुगलेली होती. सेटमध्ये नीट बसतही नव्हती. याडीनं ती ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "साहेब, ही फुगली हाय. मी न्हाई घेत."

तो म्हणाला, "गाड्या तुंबल्यात. गरम आहे तर काय झालं, भाकरी खातेस ना गरम?"

त्यानं स्वतःच्या हातानं ती दाबून सेटमध्ये बसवली आणि सेट तिच्या हातात कोंबला. तिनं तो कमरेच्या पट्ट्याला अडकवला. आपापल्या टोकाला जायला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढलो. ट्रॅक्टर रस्त्याला लागतो न लागतो तोच तिच्या कमरेपाशी फट् असा आवाज झाला, वाफेसारखं काही उसळलं आणि उग्र वास आला. ती ओरडली नाही. तिनं फक्त माझा दंड धरला, इतका घट्ट, की नखं रुतली. मी पट्टा तोडून सेट खाली फेकला. पुलाच्या कामाचा पाण्याचा टँकर समोर उभा होता, टँकरवाल्यानं नळ सोडला आणि आम्ही तिला त्याखाली धरलं. बराच वेळ धरलं. मांडीपासून कमरेपर्यंत कातडी गेली होती. जीपच्या ड्रायव्हरनं तिला दवाखान्यात नेलं.

सुपरवायझर आला. त्यानं रस्त्यावर पडलेला सेट पाहिला, जमलेले मजूर पाहिले आणि मोठ्यानं बोलला, "अंगावर एवढी नाणी, एवढे आरसे. शॉर्ट होणारच. हिला सांगितलं होतं, हे घालून येऊ नको."

कधीच सांगितलं नव्हतं. बॅटरी सेटच्या आत होती, नाण्यांपासून दूर. पण माना हलल्या. नांदेडच्या माणसाचा चिल्लरीचा नियम सगळ्यांना माहीत होता आणि घागरा सगळ्यांना दिसत होता. शेडमागचे चिमटे कुणाला दिसत नव्हते.

मग तो माझ्याकडं वळला. गाड्या सोड म्हणाला.

मी माझ्या टोकाला जाऊन लाल झेंडी रस्त्याच्या मधोमध धरली आणि म्हणाले, "पलीकडं कोन हाय? तिकडच्या गाड्या कोन थांबवून राहिलं?"

त्यानं एका मजुराला तिकडं पाठवलं. मी म्हणाले, त्याच्याकडं सेट नाही. तो म्हणाला, कामावरून काढीन. मी म्हणाले, काढा, पण झेंडी माझ्या हातात आहे तोवर एक गाडी जाणार नाही. रांग फाट्याच्या दिशेनं वाढत गेली. लोक माझ्या बाजूनं उभे राहिले असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. ट्रकवाल्यांनी आयाबहिणींवरून शिव्या दिल्या. बसमधला एक म्हातारा म्हणाला, असल्या बायकांना कामावर घेतातच काहून. मी ऐकत राहिले. झेंडी खाली घेतली नाही.

त्या रांगेत कंपनीच्या मोठ्या इंजिनिअरचीही गाडी अडकली. तो वैतागून चालत पुढं आला. सुपरवायझरनं त्याला घागऱ्याची गोष्ट सांगितली. मी मधे बोलले नाही. गोष्ट संपू दिली आणि मग म्हणाले, साहेब, शेडमागं चला. तो आला. ट्रॅक्टरची बॅटरी, वायरी, चिमटे, चिमट्यांत माझीच दुसरी बॅटरी अजून अडकलेली, तीही फुगायला लागलेली. त्यानं तिला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. चिमटे काढायला लावले. सुपरवायझरकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नवे चार्जर आले, नव्या बॅटऱ्या आल्या, सावलीत एक लाकडी फळी ठोकली गेली. सुपरवायझरची दुसऱ्या कामावर बदली झाली. शिक्षा म्हणून नव्हे, नुसती बदली. पुढं तो मोठ्या हुद्द्यावर गेल्याचं ऐकलं.

मी इंजिनिअरला एकदा गाठलं. म्हणाले, सगळ्यांसमोर एकदा सांगा की तिची चूक नव्हती. तो म्हणाला, जाऊ द्या आता, तिच्या दवाखान्याचं बघितलं ना आपण. जाऊ द्या! जणू मी स्वतःसाठी काही मागत होते. जळलेली कातडी औषधानं भरते, पण गावोगाव पसरलेलं बोलणं कोणत्या दवाखान्यात भरणार होतं?

मी तांड्यावर गेले तेव्हा याडी बाजेवर कुशीला वळून पडली होती. तिनं आधी विचारलं, तिच्या जागेवर आता कोण उभं राहतं, शेवटची गाडी नीट सांगतं का. मग घागऱ्यावर आली. दवाखान्यात तिचा घागरा कात्रीनं कापून काढावा लागला होता. तो तिनं लग्नाआधी आपल्या आईजवळ बसून शिवलेला, नाणी आणि आरसे आईनं स्वतःच्या हातानं लावलेले.

"भाजलं ते भाजलं, पोरी," ती म्हणाली. "पन त्यानं माह्या आईच्या हाताला नावं ठिवली."

ती पुन्हा कामावर आली नाही. मी मात्र रस्ता पुरा होईस्तोवर राहिले, कारण दुसरं काम नव्हतं. त्या रस्त्यावरून आता गाड्या सुसाट जातात. मी बसमधून जाते तेव्हा पूल आला की माझे दात आवळले जातात आणि शेजारी कुणी बोलत असलं तरी मला ऐकू येत नाही.